'सनद', 'घटना' आणि 'संविधान' : एका संकल्पनेच्या मराठी नावांची चिकित्सा

प्रास्ताविक

इंग्रजीतील 'कॉन्स्टिट्यूशन' या शब्दाचे सर्व अर्थ मराठीने एकाच शब्दात कधी सामावले नाहीत. देहाच्या घडणीविषयी बोलताना मराठी माणूस 'प्रकृती' हा शब्द वापरतो. मंडळाच्या, वाचनालयाच्या किंवा कामगार संघटनेच्या नियमांना तो 'घटना' म्हणतो. चळवळीचा मार्ग शांततेचा व कायद्याला धरून असेल तर त्यास 'सनदशीर' हे विशेषण लावतो आणि प्रजासत्ताकाच्या मूलभूत कायद्याचा उल्लेख कधी 'राज्यघटना' तर कधी 'संविधान' असा करतो. गेल्या काही दशकांत यांपैकी 'संविधान' हा शब्द झपाट्याने पुढे आला असून 'घटना' मागे सरत आहे. हा बदल केवळ पर्यायी शब्दाच्या निवडीचा आहे, की त्याबरोबर संकल्पनेचाही काही भाग हातचा निसटतो आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या चिकित्सेसाठी गिरगाव, परळ, लालबाग व दादर हा मुंबईचा पट्टा मुद्दाम निवडला आहे. येथील चाळींतून, सभागृहांतून व गिरण्यांच्या दारांतून हे सर्व शब्द प्रत्यक्ष वापरले गेले आणि प्रत्येक शब्दामागे एक लढा उभा राहिला. शब्दकोशात समानार्थी भासणाऱ्या या शब्दांतील भेद त्या लढ्यांच्या संदर्भात अधिक स्पष्ट होतो.

शब्दांची घडण

'घटना' हा शब्द संस्कृतातील 'घट्' या धातूपासून आला आहे. जुळणे, जुळवणे, प्रयत्न करणे आणि घडून येणे या अर्थच्छटा त्या धातूच्या पोटात आहेत. मराठीतील 'घडणे', 'घडवणे', 'घडण' व 'घडामोड' हे शब्द त्याच कुळातले. 'घटक', 'संघटना' आणि 'संघटित' हेही तेच. यामुळे मराठीत 'घटना' या शब्दाला दोन अर्थ प्राप्त झाले आहेत : जे घडले ते, आणि जे जुळवून घडवले ते. पहिला अर्थ कालाशी संबंधित आहे, दुसरा रचनेशी. हिंदीत 'घटना' म्हणजे केवळ प्रसंग. रचनेचा अर्थ तेथे रूढ नाही. मलयाळममध्ये मात्र राज्यघटनेस 'भरणघटना' म्हणतात, म्हणजे मराठीने निवडलेली वाट अगदीच एकाकी नाही. तेलुगूतील 'राज्यांगम्' राज्याच्या अंगांची आठवण करून देते, तर गिरगावातल्या गुजराती शेजाऱ्याचे 'बंधारण' बांधण्याच्या क्रियेकडे बोट दाखवते. एकच संकल्पना कोणी जुळणीतून पाहिली, कोणी अंगांतून, कोणी बंधनातून.

'संविधान' या शब्दाचा मराठी इतिहास निराळा आहे. 'सम्', 'वि' आणि 'धा' यांपासून बनलेल्या या शब्दात नीट मांडून ठेवण्याचा भाव आहे. परंतु मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या शब्दाची ओळख प्रथम नाट्यसमीक्षेत होते. जुन्या समीक्षेत नाटकाच्या कथानकाच्या रचनेला 'संविधानक' म्हणत, आणि नाटकाचे संविधानक बांधेसूद आहे की विस्कळीत, ही चर्चा गुणदोषविवेचनाचा अविभाज्य भाग असे. येथे दोन्ही शब्दांचे नाते एका अनपेक्षित ठिकाणी जुळते, कारण संविधानक म्हणजे घटनांची मांडणी होय. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात कथानकाची व्याख्या घटनांची रचना अशी केली आणि राज्यशास्त्रात नगरराज्याच्या 'पॉलितेइया'ची व्याख्या अधिकारपदांची रचना अशी केली. नाटक आणि राज्य या दोहोंकडे रचनेच्या एकाच दृष्टीने पाहण्याची सोय मराठी शब्दसंपदेतही आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या गिरगावातील वास्तूत एकाच छपराखाली संस्थेची 'घटना' आणि रंगमंचावरील 'संविधानक' नांदत आली आहेत, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे.

देह आणि राज्य यांना जोडणारा दुवा 'प्रकृती' या शब्दात सापडतो. आयुर्वेदात वात, पित्त व कफ यांच्या प्रमाणावरून माणसाची प्रकृती ठरते. कौटिल्याने हाच शब्द राज्याच्या सात अंगांसाठी योजला : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. रा. प. कंगले यांनी संपादित केलेली आणि मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली 'अर्थशास्त्रा'ची आवृत्ती, तसेच भारतरत्न पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास, यांमुळे ही सप्तांगाची कल्पना आपल्या अभ्यासकांच्या परिचयाची झाली. मात्र या विचारात एक मर्यादा आहे. प्रकृती ही असते. ती कोणी सभा भरवून ठरवत नाही. राज्याची अंगे सांगता येतात, पण ती अंगे तशी का असावीत हे विचारण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न 'प्रकृती' या शब्दातून निर्माण होत नाही.

'सनदशीर' : दिलेल्या अधिकाराची भाषा

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात निर्माण झाला आणि त्याची पहिली भाषा 'सनद' या शब्दाने पुरवली. सनद म्हणजे वरिष्ठ सत्तेने खाली दिलेला अधिकारपट. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १७९३, १८१३, १८३३ आणि १८५३ अशी दर वीस वर्षांनी नव्याने मंजूर होत असे. १८५३ च्या नूतनीकरणापूर्वी, २६ ऑगस्ट १८५२ रोजी, गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत 'बॉम्बे असोसिएशन' स्थापन केली आणि ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. नव्या राजकारणाचा हा आरंभ सनदेच्या चौकटीत झाला : सनद देणारा तेथे, मागणारे येथे.

'सनदशीर' हे विशेषण या परिस्थितीतून आले आणि पुढे वादाचा विषय झाले. गोखल्यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाने सनदशीर मार्गाने देशहित साधण्याचे ध्येय स्वीकारले. टिळकांचा आक्षेप तत्त्वाचा होता. ज्या देशाला सनदच मिळालेली नाही, त्या देशातील चळवळ सनदशीर कशी म्हणता येईल, असा त्यांचा प्रश्न होता. परकीय सत्ता कायदा करते आणि तीच तो बदलते. अशा ठिकाणी 'कायदेशीर' हा शब्द वापरता येईल, परंतु 'सनदशीर' हा शब्द एका अस्तित्वात नसलेल्या कराराचा आभास निर्माण करतो, असे त्या आक्षेपाचे सार सांगता येईल. शब्दाची अशी राजकीय चिकित्सा मराठी वैचारिक गद्यात दुर्मिळ आहे.

हा वाद वर्तमानपत्रांच्या स्तंभांपुरता राहिला नाही. सुरतेच्या फुटीनंतर १९०८ मध्ये काँग्रेसने जी घटना स्वीकारली, तिच्या पहिल्याच कलमात सनदशीर साधनांची अट घातली गेली. १९१५ च्या मुंबई अधिवेशनात नियम दुरुस्त झाल्यामुळे टिळकपक्षाला काँग्रेसमध्ये परतण्याची वाट मोकळी झाली, आणि १९२० च्या नागपूर अधिवेशनात 'सनदशीर' या अटीची जागा शांततामय व न्याय्य साधनांनी घेतली. म्हणजे राष्ट्राला स्वतःची घटना मिळण्यापूर्वी कित्येक वर्षे राष्ट्रीय सभेने स्वतःची घटना लिहिली आणि ती दुरुस्तही केली. सनद मागणाऱ्यांनी घटना करण्याचा सराव आधीच सुरू केला होता.

परळ : सभासदांनी जुळवलेली घटना

या सरावाचे सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण परळमध्ये आढळते. ९ मार्च १९२४ रोजी दामोदर हॉलमध्ये भरलेल्या सभेतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आकाराला आली आणि त्याच वर्षी २० जुलै रोजी तिची स्थापना झाली. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष आणि बाबासाहेब कार्यकारी मंडळाचे प्रमुख, अशी तिची रचना होती. बाबासाहेब त्या काळात परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. ज्या समाजाला विहिरीवर, शाळेत आणि देवळात नियम करण्याचा तर सोडाच, नियमांविषयी विचारण्याचाही अधिकार नव्हता, त्या समाजातील माणसे येथे पदाधिकारी निवडत होती, ठराव मांडत होती आणि हिशेब तपासत होती. पंचवीस वर्षांनी देशाची घटना सिद्ध करणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या व्यक्तीच्या सार्वजनिक कार्याच्या सुरुवातीच्या काळात एका छोट्या संस्थेची घटना असावी, याकडे केवळ चरित्रातील तपशील म्हणून पाहणे अपुरे ठरेल. या सभेच्या ब्रीदातील 'संघटित' आणि देशाच्या 'घटने'तील 'घटना' हे शब्द एकाच धातूचे आहेत.

कामगारांच्या क्षेत्रात हीच प्रक्रिया कायद्याच्या आधाराने घडली. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने नोंदणीसाठी संघटनेकडून लिखित नियमांची अपेक्षा केली. संघटनेचे नाव व उद्दिष्टे, निधी कोणत्या कामासाठी वापरायचा, सभासदांची यादी, कार्यकारिणीची नेमणूक व तिला दूर करण्याची रीत, हिशेबतपासणी, नियम दुरुस्त करण्याची पद्धत आणि विसर्जनाची पद्धत या सर्व बाबी त्यात असणे आवश्यक होते. १९२८ च्या सर्वसाधारण संपात स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनने गिरणीनिहाय समित्या उभ्या केल्या. वर्गणीची पावती, सभेचे इतिवृत्त, गणसंख्या, अविश्वासाचा ठराव हे शब्द लालबाग-परळच्या चाळींत रोजच्या बोलण्यात आले ते अशा संघटनांमुळे. १८९३ पासून गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत चालत आलेला सार्वजनिक गणेशोत्सव किंवा १९३४ साली सुरू झालेला लालबागचा उत्सव यांसारख्या उपक्रमांतूनही अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार ही त्रयी सर्वसामान्यांच्या परिचयाची झाली. 'घटना' या शब्दाचे बळ या परिचयात आहे. ज्याने मंडळाची घटना पाहिली, त्याला राज्याची घटना हा परका ग्रंथ वाटण्याचे कारण नव्हते. आकार मोठा, परंतु जात तीच.

घटना असूनही आवाज नसणे

तथापि या चित्राचा गौरव करून थांबणे चिकित्सेला शोभणारे नाही. नियम आहेत एवढ्याने सभासदाचा अधिकार सुरक्षित राहत नाही, हे याच गिरणगावाने पाहिले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने 'प्रातिनिधिक संघटना' ही संकल्पना आणली. एखाद्या क्षेत्रातील उद्योगात किमान पंचवीस टक्के सभासदसंख्या असलेल्या संघटनेला ही मान्यता मिळे आणि मालकांशी वाटाघाट करण्याचा अधिकार प्रायः तिच्याकडेच राही. मुंबईच्या कापड उद्योगात ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा वेतनाबरोबरच हा कायदा रद्द करण्याची मागणीही पुढे आली. कामगार एका बाजूला आणि कायद्याने मान्य केलेले प्रातिनिधित्व दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती निर्माण झाली.

संपाच्या यशापयशाची आर्थिक कारणमीमांसा हा या लेखाचा विषय नाही. शब्दार्थाच्या दृष्टीने मात्र या प्रसंगाचे महत्त्व मोठे आहे. 'घटने'च्या रचना या अर्थामध्ये बदलाची वाट उरली नाही, की 'घटने'चा दुसरा अर्थ, म्हणजे प्रसंग, रस्त्यावर येतो. रचनेला जे सामावता आले नाही ते घडामोड म्हणून घडले. एकाच शब्दातील दोन अर्थ येथे परस्परांचे परिणाम ठरतात. म्हणूनच कोणत्याही घटनेतील सर्वांत निर्णायक कलम म्हणून दुरुस्तीच्या कलमाकडे पाहावे लागते. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात, ज्यात मुंबईचे नानी पालखीवाला यांनी युक्तिवाद केला, याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली : काहीही बदलता न येणारी रचना जशी मोडते, तशीच सर्व काही बदलता येणारी रचनाही टिकत नाही. 'मूलभूत चौकट' हा शब्दप्रयोग या दोहोंमधील मर्यादारेषा दाखवतो.

'संविधाना'चा उदय

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारला गेलेला आणि २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेला मूलभूत कायदा मराठी वृत्तपत्रांतून व भाषणांतून प्रामुख्याने 'राज्यघटना' या नावाने ओळखला गेला. 'घटना समिती', 'घटनेचे शिल्पकार', 'घटनादुरुस्ती', 'घटनापीठ', 'घटनाबाह्य' ही सारी शब्दमालिका त्यातून तयार झाली. अधिकृत मराठी पाठाने मात्र 'भारताचे संविधान' हे नाव घेतले. हिंदी पाठाशी एकरूपता हे त्याचे एक कारण दिसते, कारण हिंदीत 'घटना' हा शब्द या अर्थाने चालण्यासारखा नाही. पाठ्यपुस्तकांच्या आरंभी छापलेली उद्देशिका आणि २०१५ पासून देशभर साजरा होणारा संविधान दिन यांनी हे नाव घरोघरी पोहोचवले.

परंतु शासनाने शब्द दिला म्हणून तो रुजला, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. 'संविधान' हा शब्द लोकांचा झाला तो मुख्यतः आंबेडकरी चळवळीमुळे. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर येणारा समुदाय शिवाजी पार्कच्या परिसरातील पुस्तकांच्या दुकानांतून ज्या ग्रंथांची खरेदी करतो, त्यांत संविधानाची प्रतही असते. कायद्याचा ग्रंथ स्वखर्चाने विकत घेऊन घरी नेणारा असा वाचकवर्ग क्वचितच आढळेल. या वाचकाच्या दृष्टीने 'घटना' या शब्दाची संदिग्धता ही उणीव आहे. वृत्तपत्रात एकीकडे 'घटनेचा निषेध' आणि दुसरीकडे 'घटनेचा अवमान' असे मथळे येत असताना, ज्याने आपल्याला माणूस म्हणून मान्यता दिली त्या दस्तऐवजाला स्वतंत्र व निःसंदिग्ध नाव असावे, ही अपेक्षा रास्त आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हाच शब्द प्रचाराच्या केंद्रस्थानी आला, यावरून त्याची भावनिक शक्ती लक्षात येते.

या लाभाबरोबर एक हानीही झाली आहे. 'संविधान' या शब्दाला बहुवचन जवळजवळ उरलेले नाही. मंडळाचे संविधान, वाचनालयाचे संविधान असे आपण म्हणत नाही. तेथे 'घटना' किंवा 'नियमावली' हेच शब्द चालतात, तर पुनर्विकासानंतर चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या गृहनिर्माण संस्थेत 'उपविधी' हा शब्द येतो. परिणामी लहान संस्था आणि प्रजासत्ताक यांना जोडणारा शाब्दिक पूल कमकुवत झाला आहे. साहित्य महामंडळाने २०१८ साली संमेलनाध्यक्षाची निवडणूक रद्द करून एकमताने निवड करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यासाठी 'घटनादुरुस्ती' हाच शब्द वापरला गेला. प्रश्न तोच होता, जो कोणत्याही लोकशाहीपुढे असतो : मतदान की सर्वसंमती? 'घटना' या शब्दामुळे तो प्रश्न मोठ्या प्रश्नाचे छोटे रूप म्हणून ओळखता आला.

२६ नोव्हेंबर : एका शब्दाचे दोन अर्थ

मुंबईच्या बाबतीत या दोन अर्थांची गाठ एका दिनांकावर पडली आहे. २६ नोव्हेंबर हा संविधान स्वीकृतीचा दिवस. २००८ पासून तो छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालय, ताज आणि नरिमन हाउस येथील हल्ल्याचाही दिवस आहे. एका अर्थी हा घटनेचा दिवस, दुसऱ्या अर्थीही घटनेचाच. या योगायोगाला काव्यात्म महत्त्व देण्याचे कारण नाही. विचार करायला लावते ते त्यानंतरचे वर्तन. जिवंत पकडलेल्या हल्लेखोरावर आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात खटला चालला. त्याला वकील देण्यात आला, साक्षीपुरावे तपासले गेले, २०१० मध्ये शिक्षा झाली, उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय येथे अपिले ऐकली गेली आणि नंतरच २१ नोव्हेंबर २०१२ रोजी शिक्षेची अंमलबजावणी झाली. एवढा वेळ व खर्च कशासाठी, असा संतप्त सवाल त्या काळात अनेकांनी केला. अनुच्छेद २१ मध्ये 'नागरिक' हा शब्द नसून 'व्यक्ती' हा शब्द आहे, हेच त्याचे उत्तर होते. भीषण प्रसंगाला रचनेने दिलेला हा प्रतिसाद होता. घटनेतील कलमे ही सुखाच्या काळातील सुभाषिते नसतात, हे त्या चार वर्षांत या शहराने अनुभवले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याच्या आधारे 'घटनात्मक नीतिमत्ते'ची चर्चा केली. ही नीतिमत्ता उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. ती जोपासायची कोठे, हा प्रश्न आजही शिल्लक आहे. वर्षातून एकदा उद्देशिकेचे सामूहिक वाचन करणे उचित आहे, परंतु तेवढ्याने ती येणार नाही. विरोधी मताच्या सभासदाला बोलू देणे, इतिवृत्तात त्याचा आक्षेप नोंदवणे, हिशेब वेळेवर मांडणे, मुदत संपताच पद सोडणे या सवयी छोट्या संस्थांत लागतात किंवा लागत नाहीत. अनुच्छेद १९ ने संघ स्थापण्याचे जे स्वातंत्र्य दिले आहे, त्याचा एक हेतू हा सराव असाही मानता येईल. ज्या महाविद्यालयात संविधान दिन थाटाने साजरा होतो, तेथील संस्थेची, प्राध्यापक संघटनेची किंवा वाङ्मय मंडळाची घटना शेवटची कधी उघडली गेली, हा प्रश्न म्हणूनच अप्रस्तुत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, 'सनद', 'घटना' आणि 'संविधान' हे तीन शब्द सत्तेशी असलेल्या तीन नात्यांची नावे आहेत. सनद वरून मिळते. घटना सभासद मिळून जुळवतात. संविधान हक्काचा आधार म्हणून उभे राहते. पहिले नाते इतिहासजमा झाले असे वाटते, परंतु शासकीय कार्यालयांत लावलेली 'नागरिकांची सनद' पाहता, हक्काला देणगी समजण्याची सवय पुरती गेलेली नाही, अशी शंका येते. तिसरा शब्द आज सर्वांत तेजस्वी आहे आणि ज्यांनी तो तेजस्वी केला त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. त्या तेजात मधला शब्द दिसेनासा होऊ नये, एवढेच येथे सुचवायचे आहे. मराठीला 'राज्यघटना' व 'संविधान' यांपैकी एकाची निवड करण्याची गरज नाही. संविधान म्हणताना त्यामागील हक्काची जाणीव राहावी, आणि घटना म्हणताना ती आपणच घडवली आहे व आपणांसच चालवायची आहे, हे भान राहावे. परळच्या सभागृहात शंभर वर्षांपूर्वी मांडल्या गेलेल्या ठरावांमागे ही दोन्ही भाने एकत्र होती. ती पुन्हा एकत्र आणण्याचे काम शब्दकोशाकडून होण्यासारखे नाही. ते आपल्या संस्थांच्या पुढील सर्वसाधारण सभेत करावे लागेल.